रक्तातील साक्ष आणि घड्याळाचा काटा

'रिपोर्ट नॉर्मल आहे' या तीन शब्दांत घराघराला धीर देण्याची विलक्षण शक्ती आहे. रात्रीच्या जेवणानंतर कुणाच्या तरी छातीत आवळल्यासारखे होऊ लागते, दरदरून घाम फुटतो आणि घरातील मंडळी तालुक्याच्या दवाखान्याकडे धाव घेतात. तेथे रक्ताचे चार थेंब एका पट्टीवर टाकले जातात. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही की 'हृदयाचे काही नाही, पित्त झाले असावे' असा निर्वाळा मिळतो आणि सारे समाधानाने घरी परततात. पुष्कळदा ते खरोखरच पित्त असते. परंतु जेव्हा ते पित्त नसते, तेव्हा हेच समाधान प्राणघातक ठरते. अशा प्रसंगी चाचणीला दोष देणे सोपे असते. वस्तुतः रक्तात साक्ष उतरण्यापूर्वीच ती काढली गेलेली असते आणि काही तासांनी पुन्हा काढण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.

हृदयविकाराचे निदान आणि उपचार यांत रक्तचाचण्यांनी गेल्या तीन-चार दशकांत मोठे परिवर्तन घडवले आहे. एकेकाळी महानगरांतील मोठ्या रुग्णालयांपुरत्या मर्यादित असलेल्या या चाचण्या आता सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथे सहज होतात. तालुक्याच्या गावीही त्यांची नावे लोकांच्या तोंडी आली आहेत. यास्तव चाचणी उपलब्ध आहे की नाही, एवढाच प्रश्न आता उरलेला नाही. ती कोणाची, केव्हा आणि कोठे व्हावी, हा खरा प्रश्न आहे. आजचे चित्र असे की, जेथे तिचे फारसे काम नाही तेथे ती हौसेने केली जाते आणि जेथे तिच्यावाचून अडते तेथे ती वेळेवर होईलच याची शाश्वती नसते. या विसंगतीचा विचार समाजाने केला पाहिजे.

हृदयाचा साक्षीदार

हृदय हा एक अखंड राबणारा स्नायू आहे. त्याच्या पेशींत ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनांचा संच असतो. स्नायू केव्हा आकुंचन पावावा आणि केव्हा सैल व्हावा, याचे नियमन हा संच करतो. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात त्याचा शोध लावला. या संचातील 'टी' आणि 'आय' या दोन प्रथिनांची हृदयातील रूपे हातापायांच्या स्नायूंतील रूपांहून निराळी असतात. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीमुळे बंद झाली की त्या वाहिनीवर अवलंबून असणाऱ्या पेशी मरू लागतात, त्यांची आवरणे फाटतात आणि ही प्रथिने रक्तात झिरपतात. रक्तात ती सापडली, तर हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे असा अर्थ होतो.

यापूर्वीही असे साक्षीदार शोधण्याचे प्रयत्न झाले होते. १९५४ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तात वाढणारे एक विकर दाखवून दिले. आज यकृताच्या तपासणीत 'एसजीओटी' म्हणून ज्याची नोंद होते, तेच हे विकर. परंतु ते यकृतातही असते, स्नायूंतही असते. त्यानंतर 'सीके-एमबी' ही चाचणी आली आणि ती बराच काळ टिकली. तीही केवळ हृदयाची नव्हती. १९८९ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील ह्यूगो काटुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयातील ट्रोपोनिन-टी मोजण्याची पद्धत मांडली आणि वैद्यकाला हृदयाचा खास साक्षीदार मिळाला. २००० साली युरोप व अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याची व्याख्याच या चाचणीभोवती नव्याने केली. पुढे अतिसंवेदनशील चाचण्या आल्या. एक लिटर रक्तातील नॅनोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाएवढे ट्रोपोनिनही त्या टिपू शकतात.

एक आकडा पुरत नाही

इतका चांगला साक्षीदार मिळाल्यावर अडचण कोठे येते? पहिली अडचण वेळेची. वाहिनी बंद झाल्याच्या क्षणीच ट्रोपोनिन रक्तात येत नाही. अतिसंवेदनशील चाचणीलाही ते स्पष्टपणे दिसण्यास थोडा अवधी लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचण्यांत आणि पट्टीवरील चाचणीत तीन ते सहा तास जावे लागतात. त्यानंतर पातळी वाढत जाते, साधारणतः एक दिवसाच्या आत कळस गाठते आणि पुढे आठवडाभर, कधी दोन आठवडेही, रक्तात राहते. म्हणजे छातीत दुखू लागल्यापासून तासाभरात केलेली पट्टी कोरी राहिली, तर तिचा अर्थ एवढाच की साक्ष अद्याप यावयाची आहे. याच कारणासाठी मोठ्या रुग्णालयांत ही चाचणी ठरावीक अंतराने पुन्हा केली जाते. अतिसंवेदनशील यंत्र असेल तर एक, दोन किंवा तीन तासांनी. साधी चाचणी असेल तर त्याहून अधिक अंतराने. दोन आकड्यांतील फरकच खरे बोलतो.

दुसरी अडचण अर्थाची. ट्रोपोनिन 'स्नायूला इजा झाली' एवढेच सांगते. इजा कशाने झाली, हे सांगत नाही. २०१८ साली जाहीर झालेल्या झटक्याच्या चौथ्या जागतिक व्याख्येने हा भेद स्पष्ट केला. पातळी नेमलेल्या मर्यादेच्या वर गेली पाहिजे, ती चढती किंवा उतरती दिसली पाहिजे आणि त्याबरोबर रक्तपुरवठा तुटल्याची लक्षणे, ईसीजीतील बदल यांसारखा दुसरा पुरावा असला पाहिजे. तेव्हाच त्यास हृदयविकाराचा झटका म्हणावे. मधुमेहाने मूत्रपिंडे दुबळी झालेल्या रुग्णात पातळी वर्षानुवर्षे थोडी चढलेलीच असते. तीव्र जंतुसंसर्ग, फुप्फुसातील गुठळी, हृदयस्नायूची सूज, अतिवेगाने पडणारे ठोके, या सर्वांत ती वाढू शकते.

या मातीतील उदाहरणे पाहावीत. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी आढळणारा लाल विंचू डसला, तर त्याच्या विषाने हृदयाचा स्नायू दुबळा होतो आणि ट्रोपोनिन वाढते. महाबळेश्वरचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. त्या रुग्णाला अँजिओप्लास्टीचा काही उपयोग नसतो. दुसरे उदाहरण सुदृढांचे. साताऱ्यात २०१२ पासून भरणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा चढ पार करून एकवीस किलोमीटर धावलेल्या निरोगी माणसाचे रक्त त्याच दिवशी तपासले, तर तेथेही ट्रोपोनिन वाढलेले सापडू शकते. दीर्घ व्यायामानंतर अशी वाढ होते आणि एक-दोन दिवसांत ती ओसरते, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक देशभर सोन्याचांदीचा कस लावतात. कस लावल्याने धातू किती शुद्ध आहे ते कळते; तो दागिना कोणाचा आणि पेढीवर कसा आला, हे कळत नाही. त्यासाठी माणसालाच विचारावे लागते. रक्ताच्या चाचणीचेही तसेच आहे. दुखणे केव्हा सुरू झाले, कोठे पसरले, पूर्वी काय होते, ईसीजी काय म्हणतो, हे विचारणारा वैद्य नसेल तर आकडा मुका राहतो.

दोन जिल्ह्यांचा भूगोल

आता या ज्ञानाला भूगोलाची जोड द्यावी. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. दोन्ही जिल्ह्यांची जीवनरेखा कृष्णा. वैद्यकाची परंपराही येथे जुनी आहे. मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केले, १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, कऱ्हाडात १९८४ साली कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून साताऱ्यातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मिरजेला वैद्यकनगरी म्हणतात ते उगाच नव्हे. कर्नाटकातील रुग्णही तेथे येतात.

परंतु या सुविधा ज्या नगरांत एकवटल्या आहेत, त्यांपासून जिल्ह्यांच्या कडा दूर आहेत. जत तालुक्याच्या पूर्वेकडील उमदीसारख्या सीमेवरच्या गावापासून मिरज शंभराहून अधिक किलोमीटर आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे, कांदाटी खोऱ्यातील वस्त्यांतून बाहेर पडण्यासाठी आजही लाँचचा आधार घ्यावा लागतो. पाटणचे डोंगर, शिराळ्याचा पश्चिम भाग, माण-खटावचा दुष्काळी पट्टा, आटपाडीचे माळरान, येथून शहर गाठायचे तर आधी वाहन शोधावे लागते. रात्रीच्या वेळी वडाप मिळत नाही. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने हे अंतर पुष्कळ कमी केले, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही घाट आणि कच्चे रस्ते आपली वेळ वसूल करतात.

भारतातील रुग्ण किती उशिरा पोचतात, याचे उत्तर देशातील ८९ रुग्णालयांतील २०,४६८ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या 'क्रिएट' या अभ्यासाने २००८ साली दिले. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ ३६० मिनिटे, म्हणजे तब्बल सहा तास होता. वाहिनी पूर्णतः बंद पडल्याचे दाखवणारा, ईसीजीवर ठळक उमटणारा झटका त्यांतील सुमारे ६० टक्के रुग्णांत होता. या झटक्यात पहिल्या काही तासांतच स्नायूचा मोठा भाग वाचवता येतो. सहा तासांत रक्तातील साक्ष तर पूर्ण होते. परंतु वाचवण्याजोगे पुष्कळसे तोवर गमावलेले असते.

आधी ईसीजी, मग रक्त

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पोचल्यापासून दहा मिनिटांत निघाला पाहिजे, आणि त्यात ठळक झटका दिसत असेल तर ट्रोपोनिनच्या निकालाची वाट पाहत बसणे हा अपराध आहे. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकेल अशा केंद्रात रुग्ण पोचणार असेल, तर त्यास तत्काळ हलवावे. ते शक्य नसेल तर योग्य रुग्णास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्याच रुग्णालयात द्यावे आणि मग पुढे पाठवावे, असा जगन्मान्य दंडक आहे. उमदी किंवा कोयनानगर येथील माणसासाठी हा दंडक पुस्तकी राहता कामा नये.

हे आपल्या देशात घडू शकते, याचा पुरावा तमिळनाडूने दिला. तेथे लहान रुग्णालये मोठ्या हृदयरोग केंद्रांशी जोडण्यात आली, ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञांपर्यंत पोचवण्यात आला, इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात देऊन रुग्ण पुढे नेण्यात आला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या २,४२० रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. शंभरातील तीन-चार माणसे वाचली, ती व्यवस्था नीट लावल्यामुळे. महाराष्ट्रातही सार्वजनिक रुग्णालयांतील ईसीजी दूरस्थ तज्ज्ञांकडून वाचून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते प्रत्येक तालुक्यात रात्रंदिवस चालतात की नाही, हे पाहणे लोकप्रतिनिधींचे आणि नागरिकांचेही काम आहे.

मग ट्रोपोनिनचे स्थान कोणते? ज्यांचा ईसीजी स्पष्ट बोलत नाही, अशा रुग्णांत ते अनमोल ठरते. मधुमेही माणसे, वयस्कर मंडळी आणि स्त्रिया यांच्यात लक्षणे अनेकदा फसवी असतात: छातीत कळ नाही, नुसती मळमळ, जबडा किंवा पाठ भरून येणे, विलक्षण थकवा. घरातील बाई दुखणे अंगावर काढते आणि 'कामाचा शीण' म्हणून घरचेही सोडून देतात. अनेक अतिसंवेदनशील चाचण्यांत स्त्रियांसाठी पुरुषांहून खालची मर्यादा ठरलेली आहे, एवढे जरी प्रयोगशाळेने आणि डॉक्टरांनी ध्यानात ठेवले तरी अनेक माता-भगिनींचे निदान वेळेवर होईल.

यासाठी चाचणी रुग्ण जेथे प्रथम पोचतो तेथेच व्हावयास हवी. नमुना सकाळी गोळा करावयाचा, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत न्यावयाचा आणि निकाल दुसऱ्या दिवशी यावयाचा, ही रीत साखरेच्या किंवा थायरॉइडच्या तपासणीस चालते. ट्रोपोनिनला चालत नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ही चाचणी चोवीस तास, तासाभराच्या आत निकाल देणारी हवी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. त्या निर्णयाला खरा अर्थ अशा व्यवस्थेमुळेच येईल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लहान रुग्णालयात पट्ट्यांची मुदत उलटते, रात्री तंत्रज्ञ नसतो आणि किंचित वाढलेल्या आकड्याने घाबरून रुग्णांना अकारण शहरात पिटाळले जाते. तेथे अँजिओग्राफी होते आणि कुटुंब कर्जात बुडते. हे घडते, हे खरे. परंतु त्यावरील उपाय चाचणी नाकारणे हा नव्हे. चाचणी कोणाची करावी, पहिली कोरी आली तर दुसरी केव्हा करावी, किती वाढ झाली तर पाठवावे आणि कोणाचा सल्ला घ्यावा, याचा एक पानी लेखी दंडक प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावता येतो. दूरध्वनीवर तज्ज्ञ उपलब्ध असेल तर अर्ध्या चुका टळतात.

धाप दम्याची की हृदयाची?

झटक्याइतकाच गंभीर, परंतु सावकाश जाळणारा दुसरा विकार म्हणजे हृदय दुबळे होऊन शरीराला रक्त पुरवण्यात कमी पडणे. चालताना धाप लागते, रात्री उताणे झोपता येत नाही, पायांवर सूज येते. खेड्यातील वृद्धास धाप लागली की बहुधा दम्याची औषधे सुरू होतात. बिडी ओढलेला पुरुष असो की चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली स्त्री, फुप्फुसे दोघांचीही खराब असू शकतात. म्हणून गफलत सहज होते.

या ठिकाणी 'बीएनपी' आणि 'एनटी-प्रोबीएनपी' या चाचण्या मदतीस येतात. १९८८ साली जपानी संशोधकांनी हा घटक डुकराच्या मेंदूतून प्रथम वेगळा केला, म्हणून नावात मेंदू आला. तो प्रामुख्याने स्रवतो मात्र हृदयाच्या ताणलेल्या कप्प्यांतून. कप्प्यावर ताण वाढला की हृदय हा संदेश सोडते आणि मूत्रपिंडांना अधिक मीठ व पाणी बाहेर टाकण्यास सांगते. २००२ साली धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांच्या अभ्यासात, मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅम ही मर्यादा धरल्यास केवळ या चाचणीने सुमारे ८३ टक्के रुग्णांत अचूक निदान झाले. तीव्र धाप असलेल्या रुग्णात बीएनपी १०० च्या खाली किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली असेल, तर कारण हृदयाबाहेर असण्याचा संभव मोठा. आकडा वाढलेला असेल तर इको करून खातरजमा करावी. येथेही अपवाद आहेत: स्थूल माणसात आकडा कमी दिसतो, वार्धक्यात, मूत्रपिंडाच्या विकारात आणि अनियमित ठोक्यांत तो वाढतो.

निदानानंतर व्यवस्थापनाचा प्रश्न येतो. केवळ आकडा खाली आणण्यासाठी औषधे वाढवत राहावीत काय? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'गाईड-इट' या ८९४ रुग्णांच्या चाचणीने त्याचे उत्तर नकारार्थी दिले. आकड्यामागे धावणाऱ्या उपचाराने नेहमीच्या उत्तम उपचारापेक्षा अधिक लाभ झाला नाही. उलट २०२२ सालच्या 'स्ट्राँग-एचएफ' या १,०७८ रुग्णांच्या चाचणीत घरी गेल्यावर दोन आठवड्यांत औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेली गेली, रुग्णांना वारंवार बोलावून तपासले गेले आणि एनटी-प्रोबीएनपीचा उपयोग सावधगिरीचा इशारा म्हणून केला गेला. सहा महिन्यांतील मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण २३.३ वरून १५.२ टक्क्यांवर आले. याचा बोध असा की, रुग्णाला पुन्हा पुन्हा पाहणे हा उपचाराचा गाभा आहे. रक्तचाचणी त्याची सहायक आहे. सॅक्युबिट्रिल-व्हाल्सार्टन ही अलीकडे सर्रास दिली जाणारी गोळी चालू असताना बीएनपी औषधामुळेच वाढू शकते, तेव्हा अशा रुग्णात एनटी-प्रोबीएनपी पाहावी, हेही कुटुंबाने डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आणि पोटॅशियम व क्रिएटिनिन या स्वस्त चाचण्या वेळोवेळी झाल्या नाहीत, तर महागड्या चाचणीचा काही उपयोग नाही.

शिबिरांचा उत्साह

आता दुसऱ्या टोकाकडे वळावे. वाढदिवस, जयंती, गणेशोत्सव या निमित्ताने आरोग्य शिबिरे भरतात. हेतू उदात्त असतो. मध्यमवर्गीय कुटुंबांत तर वर्षातून एकदा 'संपूर्ण शरीर तपासणी'चे पॅकेज घेण्याची रीत पडली आहे. हृदयाच्या नावाखाली त्यात लांबलचक यादी असते. होमोसिस्टीनचे उदाहरण घ्यावे. तो वाढलेला असल्यास जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी खाली आणता येतो. परंतु त्यामुळे झटक्यांपासून संरक्षण मिळत नाही, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले. तरीही यादीतून तो हटत नाही. कोणतेही लक्षण नसलेल्या माणसाचे ट्रोपोनिन शिबिरात तपासणे हे तर वेळ, पैसा आणि मनःशांती या तिन्हींचा अपव्यय आहे.

उपयोगी चाचण्या थोड्या आहेत. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये कोलेस्टेरॉलविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत एलडीएल कोलेस्टेरॉल धोक्याच्या प्रमाणात खाली ठेवण्यावर भर आहे आणि लायपोप्रोटीन (ए) ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी अशी शिफारस आहे. तिची पातळी बहुतांशी आनुवंशिक असते; ज्या घरात कोणाला ऐन चाळिशीत झटका आला, त्या घराने ती अवश्य करावी. त्यापलीकडे रक्तदाब, रक्तातील साखर, वजन आणि तंबाखू यांचा हिशेब ठेवला तरी पुष्कळ साधते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद-फलटण मार्गे जाते, तेव्हा वाटेवर अनेक संस्था वारकऱ्यांची सेवा करतात. तेथे रक्तदाबाचे यंत्र, साखरेची पट्टी, ईसीजीचे यंत्र आणि रुग्णवाहिका यांची जोड शंभर नावांच्या पॅकेजपेक्षा अधिक पुण्यप्रद ठरेल.

कार्यकर्त्यांसाठी काम

शासनाने काय करावे, हे सांगून थांबणे पुरेसे नाही. समाजाचे स्वतःचे काही काम आहे आणि ते पैशाचे नाही, दक्षतेचे आहे. प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी एक साधी माहिती गोळा करावी: रात्री दोन वाजता ईसीजी कोठे निघतो, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कोठे मिळते, ट्रोपोनिनचा निकाल किती वेळात हाती येतो, १०८ ची गाडी कोठून निघते. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर, दूध संकलन केंद्रावर, साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी आणि मंदिराच्या सभामंडपात लावावी. ऊसतोडणीच्या हंगामात फडावर उतरलेल्या परगावच्या मजुरांना तर हे कोणी सांगणारेच नसते. त्यांच्या मुकादमापर्यंत ती पोचवावी. ज्या ग्रामीण रुग्णालयात यांपैकी काही नसेल, त्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे हा विषय लेखी मांडावा आणि त्याचा पाठपुरावा करावा.

प्रयोगशाळांनीही एक शिस्त पाळावी. अहवालावर नमुना घेतल्याची वेळ, चाचणीची पद्धत आणि एकक ठळकपणे छापावे. एका प्रयोगशाळेतील आकडा दुसरीच्या आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नाही, कारण पद्धती निराळ्या असतात. रुग्ण तासगावहून सांगलीस गेला तर ही एक ओळ नव्या डॉक्टरला मोठा आधार देते.

आणि कुटुंबांनी? छातीत आवळणे, घाम, धाप किंवा कारण नसताना आलेला विलक्षण थकवा दिसताच सोडा किंवा पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला चालवू नये, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये. दुखणे किती वाजता सुरू झाले, ते कागदावर लिहून बरोबर न्यावे. पहिली चाचणी कोरी आली तर एकच प्रश्न विचारावा: 'दुखणे सुरू होऊन किती वेळ झाला आहे आणि चाचणी पुन्हा केव्हा करायची?' हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. डॉक्टरांवर अविश्वास दाखवणेही त्यात नाही. सुज्ञ डॉक्टर त्याचे स्वागतच करील. जतच्या माळावरील आणि कोयनेच्या काठावरील प्रत्येक घराला तो प्रश्न पाठ व्हावा, एवढे काम येत्या वर्षभरात मनावर घेतले, तरी अनेक घरांतील कर्ती माणसे घरी परततील.